गेलेल्या माणसाचा फोन: समाजकार्यात नव्याने आलेल्यांसाठी

क्षेत्रकार्याच्या पहिल्या महिन्यात तुम्ही कधीतरी अशा घरात जाल, जिथे नुकतंच कुणी गेलेलं असेल. कपाटावर हार घातलेला फोटो असेल, समोर समई असेल आणि फोटोच्या शेजारी चार्जिंगला लावलेला एक मोबाइल असेल. बोलता बोलता त्याची स्क्रीन उजळते आणि घरातले सगळे एकदम तिकडे बघतात. कुणीतरी 'गुड मॉर्निंग' पाठवलेलं असतं. त्या माणसाला अजून कळलेलं नसतं.

या फोनचं काय करायचं, हे वर्गात सहसा कुणी सांगत नाही. मी आधी रुग्णालयात आणि नंतर वस्तीत काम करता करता शिकले, तेही चुका करून. सगळ्यात मोठी चूक आधीच सांगून टाकते. एका घरात महिनाभर रोज फोन वाजत होता आणि बाई दचकत होत्या. मी शहाणपणा करून म्हटलं, "सिम बंद करून टाका, त्रास तरी थांबेल." त्यांनी बंद केलं. पुढच्या आठवड्यात पीएफचं काम निघालं, ओटीपी त्याच नंबरवर जाणार होता. मुलांच्या शाळेचे मेसेजही त्याच नंबरवर यायचे, आणि परीक्षेची तारीख बदललेली घरात कुणालाच कळली नाही. नवऱ्याच्या नंबरवर व्हॉट्सॲप परत सुरू करायचा रस्ताही बंद झाला. माझ्या एका वाक्याने.

त्यामुळे आता विद्यार्थ्यांना मी एकच क्रम घोटून घ्यायला लावते: आधी जपायचं, मग कागद, आणि बंद करणं सगळ्यात शेवटी. फोन म्हणजे घरातलं कागदपत्रांचं कपाटही आहे आणि आठवणींची पेटीही. कपाटाला तारखा असतात, पेटीला घाई चालत नाही.

भेटीला जाण्याआधी

पहिला संपर्क व्हॉट्सॲपवर करू नका. 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि हात जोडलेली चित्रं त्या घरात शेकड्यांनी आलेली असतात, तुमचं एक वाढवून उपयोग नाही. शक्यतो आशाताई, अंगणवाडीताई किंवा शेजारच्या कुणाच्या ओळखीने निरोप द्या आणि विचारून जा. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं. कागदाची निकड नसेल तर त्यानंतर जावं. खरी गरज पंधराव्या-विसाव्या दिवशी सुरू होते, पाहुणे परतल्यावर.

दारातच स्वतःचा फोन सायलेंट करा, व्हायब्रेटवर नाही. कॉलर ट्यून एखाद्या गाण्याची असेल तर आधी काढा. शोकातली बाई तुम्हाला उलट फोन करते आणि तिकडे लावणी वाजते, हे मी प्रत्यक्ष पाहिलंय. समोर बसून मोबाइलवर नोंदी टाइप करू नका. तुम्ही नोंद करत असलात तरी समोरच्याला वाटतं, ही चॅटिंग करतेय.

आणि फोटो. संस्थेला 'गृहभेट झाली' याचा पुरावा हवा असतो, लोकेशनसकट. शोकाच्या घरात तो काढू नका. वरिष्ठांना स्पष्ट सांगा, भेटीच्या नोंदवहीवर सही घ्या आणि काम भागवा. रडून सुजलेल्या डोळ्यांच्या बाईशेजारी ओळखपत्र लटकवून उभं राहिलेल्या कार्यकर्त्याचा फोटो वार्षिक अहवालात छापलेला मी पाहिलाय. ती बाई साक्षर होती. तिनेही तो पाहिला.

पहिल्या भेटीत एवढंच

पहिल्या भेटीत फोनचा विषय तुम्ही काढायचा नाही. बसा, पाणी घ्या, "जेवलात का?" विचारा. आपल्याकडे या प्रश्नात बरंच काही सामावतं. "काळजी करू नका, वेळ हेच औषध" वगैरे बोलू नका. गेलेल्या माणसाचं नाव घ्या, नातं घ्या, "कसे होते ते?" विचारा. पुष्कळदा उत्तरादाखल फोनच पुढे येतो: "थांबा, दाखवते." फोटो दाखवायला लागल्या की बघा, घाईने पुढे सरकवू नका.

डोळे मात्र एका गोष्टीवर असू द्या: फोन कुणाच्या हातात आहे? आपल्या घरांत नवरा गेला की त्याचा फोन बायकोकडे राहतोच असं नाही. दीर घेतो, सासरे घेतात, "तुला काय कळतंय त्यातलं" म्हणून. पासवर्ड तिला माहीत नसतो. त्या फोनमध्ये बँकेचे मेसेज असतात, उसनवारीचे हिशेब असतात, कधी जमिनीच्या व्यवहाराचं बोलणं असतं. फोन ज्याच्या हातात, पुढचे महिने त्याच्या हातात. पहिल्या भेटीत यावर काही बोलू नका, पण घरी येऊन नोंद करा.

फोन जिवंत ठेवा

दुसऱ्या भेटीत हे सांगायचं. एक, सिमचं रिचार्ज चालू ठेवा, सगळ्यात स्वस्त प्लॅन चालेल. प्रीपेड नंबर सलग ९० दिवस वापरला गेला नाही तर कंपनी तो बंद करू शकते आणि काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला देते. दोन, अधूनमधून वायफाय किंवा डेटा लावून व्हॉट्सॲप उघडा. साधारण १२० दिवस खातं इंटरनेटला जोडलंच गेलं नाही तर ते काढून टाकलं जातं.

हे १२० दिवस कागदावर निरुपद्रवी वाटतात. प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. चार महिने उलटलेले असतात, घर जरा सावरत असतं. आणि एका दुपारी 'आपलं कुटुंब' नावाच्या ग्रुपवर करड्या अक्षरांत ओळ येते, की बाबांनी ग्रुप सोडला. डीपीच्या जागी राखाडी आकृती येते. एका मुलीने मला सांगितलं, "ताई, अग्नी दिला तेव्हा मी रडले नव्हते. ती ओळ वाचली आणि बाथरूममध्ये जाऊन बसले." कुणी काही केलेलं नव्हतं, एक मुदत संपली होती, इतकंच. असं होऊ शकतं हे आधी कळलं असतं तर धक्का टळला नसता, पण अचानकपणा टळला असता. ते सांगणं तुमचं काम.

तीन, फोन दुकानात नेऊ नका. लॉक उघडत नाही म्हणून पोरं तो कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याकडे नेतात. तो चांगल्या मनाने म्हणतो, "फॉरमॅट मारून देतो, नवा होईल." नवा होतो खरा, आणि आतलं सगळं जातं. अंदाजाने पिन टाकत बसणंही धोक्याचं. काही आयफोन असे लावलेले असतात, की दहा वेळा चुकल्यावर आतली माहिती पुसली जाते.

आवाज आधी

फोटोंच्या प्रती बहुतेक वेळा नातेवाइकांकडे सापडतात, आवाजाच्या सापडत नाहीत. म्हणून जपायला सुरुवात आवाजापासून करा. घरच्यांनीच करायचं, तुम्ही शेजारी बसून रस्ता दाखवायचा.

अँड्रॉइड फोनमध्ये फाइल मॅनेजर उघडला की व्हॉट्सॲपच्या मीडिया फोल्डरात 'व्हॉइस नोट्स' नावाचा वेगळा फोल्डर असतो, त्यात आवाज तारखेवार साठलेले असतात. तो अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर किंवा घरातल्या दुसऱ्या फोनवर घ्या. मग महत्त्वाच्या माणसांशी झालेलं चॅट उघडून वरच्या तीन टिंबांतून 'आणखी' आणि 'चॅट एक्सपोर्ट' करा, मीडियासह. फार जुनी आणि मोठी चॅट असेल तर सगळा मीडिया येत नाही, म्हणून फोल्डरची प्रत वेगळी हवीच. 'डिसअपीअरिंग', म्हणजे ठरावीक काळाने आपोआप पुसले जाणारे मेसेज चालू आहेत का तेही बघा, असतील तर ते आधी. साधा कॉल रेकॉर्ड करणारं ॲप पुष्कळ जणांच्या फोनमध्ये असतं, तिथेही आवाज मिळतो. प्रत किमान दोन ठिकाणी हवी, त्यातली एक घराबाहेर, मावशीकडे किंवा मामाकडे.

एक घर आठवतं. बाई म्हणत होत्या, "ह्यांचा आवाजच नाही हो कुठे. ते बोलायचेच कमी." शोधल्यावर एकच व्हॉइस नोट सापडली, ११ सेकंदांची: "अगं, कोथिंबीर आणू का मेथी? लवकर सांग, दुकान बंद करतोय तो." मागे टपरीवरचा गोंगाट. त्यांनी ती सलग पाच-सहा वेळा ऐकली आणि मग म्हणाल्या, "मी मेथी म्हटलं होतं." आपण शोधत असतो उपदेशाचं, निरोपाचं काही. सापडते मेथी.

कुणी उघडायचा, कुणी वाचायचं

फोन तुम्ही वाचायचा नाही. हातात दिला तरी नाही. "ताई, तुम्हीच बघा काय आहे त्यात" असं म्हटलं तर शेजारी बसा, स्क्रीन त्यांच्याकडे ठेवा. आत काय निघेल सांगता येत नाही. कर्जाची ॲप्स निघतात, दुसरं नातं निघतं, ज्या आजाराबद्दल घरात कुणाला सांगितलं नव्हतं त्याचे रिपोर्ट निघतात. उघडण्याआधी एवढंच विचारा: "नको असलेलं काही दिसलं तर चालेल का? की आधी फक्त फोटो आणि आवाज काढून घेऊ?" बहुतेक जण दुसरा पर्याय घेतात. तो सन्मानाने घेऊ द्या.

दिराने फोन धरून ठेवला असेल तर भांडण लावू नका. "वहिनींच्या विम्याचं आणि पीएफचं काम करायचंय, दोन तास सगळे मिळून बसू" म्हणून फोन चारचौघांत मधे आणा. कामाच्या निमित्ताने हक्काचं बोलणं सोपं जातं.

आत्महत्या, अपघात किंवा संशयित मृत्यू असेल तर गोष्ट वेगळी. पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केलेली असते आणि फोन मुद्देमाल म्हणून जमा झालेला असू शकतो. तो परत मिळवायला न्यायालयात अर्ज करून सुपूर्तनाम्यावर, म्हणजे मागितल्यास परत हजर करण्याच्या लेखी हमीवर, घ्यावा लागतो. तालुका विधी सेवा समितीकडे यासाठी मदत मिळते. फोन अजून घरात असेल आणि तपास चालू असेल तर काहीही पुसू नका हे घरच्यांना बजावून सांगा. बदनामीच्या भीतीने मेसेज पुसले जातात आणि मग निस्तरता येत नाही.

कर्ज ॲपवाल्यांचे फोन येत असतील तर घरच्यांना धीर द्या. सहकर्जदार किंवा जामीनदार नसलेल्या वारसाला स्वतःच्या खिशातून ते कर्ज फेडावं लागत नाही. जबाबदारी मिळालेल्या वारसाहक्काच्या मालमत्तेपुरतीच असते. धमक्या, फोटो बदलून पाठवणं असं काही झालं तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.

कागद

इथे भावना बाजूला ठेवून वहीत यादी करा. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत मोफत होते. पुढे विलंब शुल्क लागतं, ३० दिवसांनंतर परवानगी आणि वर्षानंतर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. दाखल्याच्या आठ-दहा प्रती काढून ठेवा, पुरत नाहीत.

मग पासबुक आणि बँकेचे मेसेज. मे महिन्याच्या अखेरीला ४३६ रुपये कापलेले दिसले तर प्रधानमंत्री जीवनज्योती विमा आहे, २० रुपये दिसले तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा. पहिल्यात कोणत्याही कारणाने झालेल्या मृत्यूला २ लाख, दुसऱ्यात अपघाती मृत्यूला २ लाख. खातं उघडताना फॉर्मवर खूण केलेली असते आणि घरात कुणाला पत्ता नसतो. मेसेजच्या शोधात '४३६' टाकून बघणं हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि माझ्या अनुभवात इतक्या कमी कष्टात इतका उपयोग दुसऱ्या कशाचाच होत नाही. माणूस नोकरीत असताना गेला आणि पीएफ कापला जात असेल तर पीएफशी जोडलेला ईडीएलआय विमा आहे, कमाल ७ लाखांपर्यंत. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २० हजार, अर्ज तहसीलला. जुन्या, विसरलेल्या ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' पोर्टल आहे, २०२३ पासून.

एटीएम किंवा यूपीआयवरून गेलेल्याच्या खात्यातले पैसे काढू नका, हे पहिल्याच दिवशी सांगा. क्रियाकर्माच्या खर्चाला म्हणून काढले जातात आणि पुढे भावाभावांत खटला उभा राहतो. नॉमिनी असला की पैसे त्याच्या हातात पडतात, पण वारसांचा हक्क त्यामुळे संपत नाही, हेही समजावा.

फसवणूक याच दिवसांत होते. वर्तमानपत्रातलं निधन वृत्त किंवा फेसबुकवरची श्रद्धांजली वाचून कुणीतरी फोन करतं, "साहेबांच्या पॉलिसीचे पैसे मंजूर झालेत, ओटीपी सांगा." निधनाच्या पोस्टमध्ये मोबाइल नंबर, पूर्ण जन्मतारीख आणि पत्ता टाकू नका.

नंबरावर लिहिणारी आई

एक आई रोज रात्री गेलेल्या मुलाच्या नंबरावर 'जेवलास का?' लिहायची. घरच्यांना वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. माझ्याबरोबरच्या विद्यार्थिनीने अहवालात लिहिलं, 'लाभार्थी नकाराच्या टप्प्यात आहे.' दुःखाचे हे पाच टप्पे (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) आपल्या अहवालांत फार बोकाळलेत. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते मांडले ते मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून, आणि ते एकामागून एक येणारे स्टॉप नाहीत. १९९६ मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या संशोधकांनी मांडलेली नात्याच्या सातत्याची कल्पना इथे जास्त उपयोगी: माणूस जातो, नातं रूप बदलून राहतं. पितृपक्षात पान वाढणाऱ्या, कावळ्याची वाट बघणाऱ्या समाजाला हे नवं नाही. पानाऐवजी मेसेज, एवढाच फरक. ती आई दिवसभर पोळ्या लाटत होती, भिशीला जात होती, रात्री दहाला लिहीत होती. स्ट्रोब आणि शूट या संशोधकांनी १९९९ मध्ये म्हटलं तसं, दुःखाकडे आणि जगण्याकडे आळीपाळीने ये-जा. ती चालू होती, म्हणून मी काही थांबवलं नाही.

पण एक गोष्ट सांगायला हवी होती आणि मी सांगितली नाही. मुलाचं सिम केव्हाच बंद झालं होतं. एका रात्री एका टिकच्या दोन झाल्या, मग निळ्या झाल्या आणि उत्तर आलं, "कोण?" नंबर दुसऱ्या कुणाला गेला होता. मला फोन आला तेव्हा पलीकडून बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. तेव्हापासून असं लिहिणारं कुणी भेटलं की मी विचारते, "नंबर चालू आहे ना? की त्यांच्या नावाची वही करू या?" नंबर वारसाच्या नावावर करूनही घेता येतो, दाखला घेऊन कंपनीच्या गॅलरीत जावं लागतं.

काळजी कशाची करायची? सहा महिन्यांनंतरही ओढ तितकीच तीव्र, रोजची कामं ठप्प, जेवण-झोप गेलेली, किंवा "मलाही तिकडेच जायचंय" असं बोलणं. या शेवटच्या वाक्याला सहा महिने थांबायचं नाही, त्याच दिवशी पर्यवेक्षकांना कळवा आणि माणसाला एकटं सोडू नका. १४४१६ ही टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची मोफत सेवा मराठीतही मिळते.

मुलांशी स्पष्ट बोला. "पप्पा देवाघरी गेलेत" ऐकून चार वर्षांच्या एका पोराने फोन आणून दिला होता, "देवाघरी व्हिडिओ कॉल लाव." त्याच्या जगात गावाला गेलेले सगळे त्याच काचेत दिसत होते. मेले म्हणजे शरीर बंद पडलं, आता ते परत येणार नाहीत, कॉलवरही नाही, असं हळू आवाजात पण नेमकं सांगा. जुने व्हिडिओ बघू द्यावेत, आणि ते जुने आहेत हे दर वेळी सांगावं.

गेलेल्याच्या आवाजात बोलणारी एआय ॲप्स आता आलीत. कुणी विचारलं तर मी म्हणते, वर्षभर थांबा. माझं मत अजून पक्कं नाही, पण ताज्या जखमेवर मासिक वर्गणी लावणारा धंदा मला आवडत नाही.

खाती बंद करणं

वर्षश्राद्धाच्या आधी याची गरज क्वचितच असते. फेसबुकला दाखला पाठवला की खातं स्मृतिरूपात ठेवता येतं किंवा काढून टाकता येतं. स्मृतिरूपात ठेवलं की वाढदिवसाच्या सूचना लोकांना जात नाहीत, आणि कुणालाच त्यात लॉगिन करता येत नाही. माणसाने जिवंतपणी नेमून ठेवलेला वारसदारही खासगी मेसेज वाचू शकत नाही. गूगल दोन वर्षं न वापरलेलं खातं पुसू शकतं, म्हणून त्यातले फोटो त्याआधी उतरवून घ्या. आयफोनमध्ये माणसाने आधीच वारस नेमला असेल तर तेव्हा मिळालेली किल्ली (ॲक्सेस की) आणि मृत्यूचा दाखला यांवर काम होतं, नसेल तर अवघड.

सिम बंद करण्याआधी वहीत बघा: बँक, पीएफ, गॅस, वीजबिल, शाळेचा ग्रुप, रेशन. सगळीकडे नंबर बदलला का?

तुमच्या स्वतःच्या फोनबद्दल

कामासाठी वेगळं सिम घ्या आणि किती वाजेपर्यंत उत्तर द्याल ते पहिल्या भेटीतच सांगा. रात्री दोनला आलेला "झोप येत नाही" तुम्हालाही झोपू देत नाही. व्हिडिओवर बोलणार असाल तर आधी विचारा, "आत्ता मोकळं बोलता येईल का?" एका खोलीच्या घरात सासू शेजारी बसलेली असते. "भाजी टाकलीय" म्हणजे आत्ता नको, असा काही शब्द ठरवून ठेवा. प्रोसेस रेकॉर्डिंगमध्ये, म्हणजे भेटीतल्या संवादाच्या सविस्तर लेखी नोंदीत, खरी नावं नकोत, ते बॅचच्या ग्रुपवर टाकायचं नाही, आणि भाषा सुधारायला म्हणून चॅटबॉटमध्येही चिकटवायचं नाही. त्यातलं दुःख तुमच्या मालकीचं नाही. स्वतःच्या गूगल खात्यात 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' (खातं वापरणं थांबलं की नेमलेल्या माणसांना कळवणारी सोय) लावून बघा, तीन ते अठरा महिन्यांची मुदत आणि दहापर्यंत माणसं नेमता येतात. ती दहा नावं भरताना हात जिथे अडखळेल, ते पर्यवेक्षकांशी बोलायला घेऊन जा.

वर्षश्राद्धाची तारीख कॅलेंडरमध्ये टाका आणि त्या आठवड्यात एक फोन करा. मेथीवाल्या बाईंना मी तसा केला होता. सगळे कागद झाले होते, विमा मिळाला होता, नंबर सगळीकडे बदलले होते. म्हटलं, "आता सिम ठेवायचं की बंद करायचं, तुम्ही सांगाल तसं." त्या म्हणाल्या, "कालच रिचार्ज मारलाय. संपला की बघू."